स्वतःवर मैत्री करता येते का? अवघड दिवस काढणाऱ्यांसाठी धागा

उपासिका_पूर्वभाग

जयभीम, नमस्कार.

ज्यांच्या घरात लांबलेलं आजारपण आहे, कुणी गेलंय, कामधंदा बसलाय, अशांसाठी हा धागा काढतेय. "पॉझिटिव्ह राहा", "सगळं ठीक होईल" हे सगळ्यांनी सांगून झालंय, ते इथे नको. मला एका नेमक्या गोष्टीवर बोलायचंय. अवघड दिवसांत आपण स्वतःशी कसं बोलतो, त्यावर.

मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते अंथरुणावरच आहेत. दिवसा मी सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या पॅकिंगला असते, तेव्हा सासूबाई बघतात. रात्र माझी. डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलीय. गजर लावून उठायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आधी चादर ताणून घ्यायची म्हणजे पाठीखाली चुणी राहत नाही, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. एवढं करूनही परवा माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, वेळेत दिसला, घाबरू नका. पण मला रात्रभर एकच ऐकू येत होतं. तुझं लक्ष नाही. तू कामाला जातेस म्हणून झालं. दुसरी कुणी असती तर असं झालं नसतं.

असं मी शेजारणीला कधी बोलले असते का? तिच्या घरी हे घडलं असतं तर मी तिचा हात धरून बसले असते.

आमच्या विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे. त्या दिवशी वाचन झाल्यावर भंतेजींनी संयुत्त निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहातलं सल्लसुत्त, म्हणजे बाणाचं सुत्त, सांगितलं. माणसाला एक बाण लागतो, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा. पहिला शरीराच्या वेदनेचा, तो बुद्धालाही चुकला नाही. दुसरा मनाचा. छाती पिटायची, शोक करायचा, मलाच का म्हणायचं. जो मन सांभाळायला शिकलाय त्याला एकच बाण लागतो. मी तिथेच बसून राहिले. मिस्टरांचं आजारपण हा पहिला बाण, तो घरात सगळ्यांनाच लागलाय. दुसरा मी रोज रात्री स्वतःच्या हाताने मारून घेते.

मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवणारं करणीयमेत्त सुत्त मला लहानपणापासून पाठ आहे. "माता यथा नियं पुत्तं, आयुसा एकपुत्तमनुरक्खे." आई एकुलत्या एका लेकराला जिवापाड जपते, तसं सगळ्या जिवांसाठी मन अमर्याद करायचं. आजवर मी ते दुसऱ्यांसाठीच म्हणत आले. या सगळ्या जिवांत मी येते का? आणि येत असेन तर रात्री दोन वाजता, डोळे मिटत असताना, ते करायचं कसं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

पाली_वाचक

ताई, येता. आणि सगळ्यात आधी येता.

मैत्री भावनेची, म्हणजे मैत्रीच्या ध्यानाची, पद्धत सर्वांत तपशिलाने सापडते ती 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात. पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी तो लिहिला. आपल्या धर्मानंद कोसंबींनी त्याची देवनागरी आवृत्ती संपादित केली. त्यात क्रम असा आहे. पहिल्यांदा स्वतः. "अहं सुखितो होमि, निद्दुक्खो होमि." मी सुखी असो, मी दुःखमुक्त असो. मग ज्यांच्याबद्दल आदर आणि प्रेम वाटतं असं माणूस, गुरुजन वगैरे. मग जिवलग मित्र. मग ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही असा माणूस. आणि शेवटी वैरी. सुरुवात वैऱ्यापासून करू नये असंही स्पष्ट सांगितलंय, कारण त्याच्या आठवणीने राग उठतो.

स्वतःपासून का, याचं कारण देताना बुद्धघोष एका जुन्या प्रसंगातली गाथा पुढे ठेवतात. श्रावस्तीला कोसलचा राजा प्रसेनजित राणी मल्लिकेला विचारतो, तुला स्वतःहून अधिक प्रिय असं कुणी आहे का? राजाला वाटलं असणार, ती त्याचंच नाव घेईल. मल्लिका म्हणाली, नाही महाराज, मला माझ्याहून प्रिय कुणी नाही. तुम्हाला आहे का? राजाने विचार केला आणि त्यालाही तेच म्हणावं लागलं. दोघांतलं हे बोलणं त्याने बुद्धांना जाऊन सांगितलं. बुद्धांनी राणीला स्वार्थी म्हटलं नाही. त्यांनी गाथा म्हटली. मनाने सगळ्या दिशा फिरून आलं तरी स्वतःहून प्रिय कुणी सापडत नाही. इतरांनाही त्यांचा जीव तसाच प्रिय आहे, म्हणून ज्याचं स्वतःवर प्रेम आहे त्याने दुसऱ्याला इजा करू नये.

शेवटचं वाक्य नीट बघा. दुसऱ्याला का दुखवू नये याचा पायाच मुळी आपल्या जिवावरच्या मायेत ठेवलाय.

सिव्हिलची_सिस्टर

ताई, आधी कामाचं. त्या चट्ट्यावर बोट दाबून सोडा. क्षणभर फिका पडून परत लाल झाला तर त्वचा अजून सावरतेय. दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी, डॉक्टरांना लगेच कळवा. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, तिथे हात लावून गरम लागतंय का, घट्ट झालंय का ते बघा. काहीही झालं तरी चोळायचं नाही, आणि त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही. आणि हे पण ऐका: आमच्या वॉर्डात तीन पाळ्यांत आम्ही सगळ्या मिळून जे करतो ते तुम्ही दोघी बायका घरी करताय. तरी आमच्याकडेही चट्टे येतात.

आता मनाचं. मी मराठा, बौद्ध नाही, पण ड्युटीवरच्या एका मैत्रिणीमुळे हे शिकले. पेशंट गेला की नातेवाईक रडतात, आम्हाला रडायला वेळ नसतो, पुढचा पेशंट असतो. ते सगळं घरी घेऊन जायचं आणि मुलावर ओरडायचं, असं चाललं होतं. आता ड्युटी संपली की बेसिनपाशी हात धुताना मनात तीन वाक्यं म्हणते. आत्ता त्रास होतोय. असा त्रास या पाळीत सगळ्यांनाच होतोय. मी स्वतःशी नीट वागेन. हात धुवायला लागतो तेवढाच वेळ.

नंतर वाचनात आलं की याला पुस्तकी आधार आहे. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ बौद्ध ध्यान शिकल्या होत्या, त्यांनी २००३ मध्ये यावर पहिले शोधनिबंध लिहिले. त्यांनी तीन गोष्टी एकत्र धरल्या: स्वतःशी मायेने वागणं, हे दुःख माझ्या एकटीचं नाही हे जाणणं, आणि जे वाटतंय ते न दाबता, न वाढवता बघणं. माझी तीन वाक्यं म्हणजे त्याच तीन गोष्टी, फक्त उलट्या क्रमाने.

जुनीगिरणी

सगळ्यांचं वाचायलोय. राग आला म्हणून लिहितो, ताईंवर नाही.

आमचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली. मी यंत्रमागावर आयुष्य काढलं, मालकाने साचे भंगारात काढले. सुताचा भाव कुणी ठरवला, विजेचा दर कुणी ठरवला, त्यात माझा काय हात? आता मला सांगायलेत की दुःख तुझ्या मनात आहे, दुसरा बाण तूच मारतोस. असं म्हटलं की पहिला बाण मारणारा सुटतो की हो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्म दिला तो डोळे मिटून स्वतःला गोंजारत बसायला नाही. माणसाने माणसाला दिलेलं दुःख नाहीसं करायला दिला.

उपासिका_पूर्वभाग

दादा, तुमचा राग मला पटतो, आणि धाग्यात तो यायलाच हवा होता.

एकच विचारते. माग बंद झाले तेव्हा घरी बसून तुम्ही स्वतःला काय म्हणत होतात?

जुनीगिरणी

खरं सांगू का ताई. म्हणत होतो की मला धंदा जमला नाही. शेजारच्याने वेळेत रिक्षा घेतली, तो हुशार. मी येडा. पोरीची फी भरताना तिच्या डोळ्यात बघत नव्हतो.

उपासिका_पूर्वभाग

तेच. सूत, वीज, बाजार यांचं नाव त्या वेळी तुमच्या तोंडात नव्हतं, स्वतःचंच होतं. कशाने कुणाचं नुकसान झालं हे आज तुम्ही इतकं स्वच्छ मांडलंत, कारण मध्ये कधीतरी तुम्ही स्वतःला शिव्या देणं थांबवलंत. मला तरी असं वाटतं की स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेला माणूस पहिला बाण कुठून आला ते बघतच नाही, त्याची मान खाली असते. माझ्याच घरी बघा. "तू कामाला जातेस म्हणून झालं" हे मी स्वतःला म्हणत होते तोवर मला हे विचारायला सुचलंच नाही की कारखान्यात आम्हा पॅकिंगवाल्या बायकांना आजारपणाची रजा का नाही. आता विचारतेय, आम्ही सगळ्या मिळून.

पाली_वाचक

जुनीगिरणी दादा, तुमच्या आक्षेपाला विसुद्धिमग्गातच एक उत्तर आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. स्वतःपासून सुरुवात करा असं सांगितल्यावर लगेच पुढे म्हटलंय की "मी सुखी असो" एवढंच शंभर वर्षं, हजार वर्षं करत बसलात तरी मैत्रीचं ध्यान सिद्ध होणार नाही. स्वतःला फक्त साक्षीदार म्हणून पुढे बसवायचं. मला जसं सुख हवं, दुःख नको, तसंच समोरच्याला. तिथून बाहेर पडायचं. स्वतःपाशी थांबणाऱ्याला हा ग्रंथ मैत्री करणारा मानतच नाही.

आणि बाबासाहेबांबद्दल. मे १९५६ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात त्यांनी बौद्ध धम्म का आवडतो ते सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वं एकत्र घेतली. तिन्ही एकत्र, हे महत्त्वाचं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये ते आणखी पुढे जातात, करुणा माणसांपुरती आणि मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत असा विस्तार सांगतात. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं की तू कमी आहेस, त्या समाजातल्या माणसाने "मी सुखी असो" असं ताठ बसून म्हणणं, याला मी गोंजारणं म्हणणार नाही. माझ्या आजीला हे वाक्य कुणी म्हणू दिलं नसतं.

जुनीगिरणी

सर, हे वाचून थांबलो. अजून सगळं पटलं असं नाही. पण आजीचं पटलं.

अभ्यासिका_सातरस्ता

सर, ताई, माझा प्रश्न वेगळा आहे. मी स्पर्धा परीक्षा देतोय. पूर्व परीक्षेत पुन्हा राहिलो, कट-ऑफला थोडक्यात. घरी आई विड्या वळते, बाप वॉचमन आहे. स्वतःला झापल्याशिवाय मी सकाळी उठूच शकत नाही. आरशात बघून घाण बोलतो स्वतःला, मग अभ्यासिकेत जातो. तुम्ही म्हणता तसं मायेने बोललो तर मी झोपूनच राहीन ही भीती आहे.

पाली_वाचक

बाळा, ही भीती अडीच हजार वर्षं जुनी आहे. सोण नावाचा एक श्रीमंत घरातला मुलगा भिक्खू झाला. राजगृहाजवळच्या सीतवनात चंक्रमण, म्हणजे येरझारा घालत ध्यान, करत राहिला, पाय फुटून रक्त येईपर्यंत. तरी काही साधेना. शेवटी म्हणाला, घरी परत जातो. बुद्ध त्याच्याकडे गेले. सोण घरी असताना वीणा उत्तम वाजवायचा, तेव्हा त्यांनी विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग प्रयत्नही तसाच बेताचा ठेव. सोणला त्यांनी आळशी म्हटलं नाही, आणखी जोर लाव असंही म्हटलं नाही. तार उतरवायला सांगितली. पुढे तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाला.

सिव्हिलची_सिस्टर

अभ्यासिका, यावर प्रयोगही झालाय. २०१२ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ब्राइन्स आणि चेन या दोघींनी विद्यार्थ्यांना एक अवघड चाचणी दिली, त्यात ते नापास होणारच अशी. मग काहींना सांगितलं, हे अवघड होतं, अनेकांना जमत नाही, स्वतःवर फार कडक होऊ नका. पुढच्या चाचणीसाठी याच मुलांनी जास्त वेळ अभ्यास केला. तुझी भीती खरी आहे, पण ती बरोबर असेलच असं नाही. आणि सकाळी उठल्यावर आरशात ते बोलणं बंद कर. आईला ते ऐकू जात असेल तर तिला काय वाटत असेल?

शंका_आहे

इथे सगळे निर्दोष माणसांबद्दल बोलताय. चूक खरोखर आपलीच असेल तर? मी तपशील लिहिणार नाही. पण माझ्या हातून एका माणसाचं नुकसान झालंय, हा भास नाही. मी "मी सुखी असो" म्हणायचं का? मला ते त्या माणसाचा अपमान केल्यासारखं वाटतं.

पाली_वाचक

हा धाग्यातला सगळ्यात कठीण प्रश्न. घाईने उत्तर देत नाही.

पश्चात्तापाबद्दल धम्माचं म्हणणं ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मनाला अडवणारी जी पाच नीवरणं सांगितली आहेत त्यांत कामवासना, द्वेष, सुस्ती, शंका यांच्या बरोबरीने "उद्धच्च-कुक्कुच्च" आहे, म्हणजे अस्वस्थपणा आणि मनाला पोखरत राहणारी खंत. ही खंत पुण्यकर्म म्हणून मांडलेली नाही, अडसर म्हणून मांडलीय. तिच्यापेक्षा वेगळी हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे वाईट करताना वाटणारी लाज आणि त्याच्या परिणामाचं भय. त्या दोघींना बुद्धांनी जगाचं रक्षण करणाऱ्या म्हटलंय. त्या पुढच्या कृतीकडे बघतात. खंत मागेच फिरत राहते.

संयुत्त निकायात शंखाचं एक सुत्त आहे. त्यात माणूस असा विचार करतो: मी हिंसा केली, ते योग्य नव्हतं, चांगलं नव्हतं. पण मी त्याबद्दल जळत राहिलो तरी झालेलं न झालेलं होणार नाही. म्हणून तो ते कृत्य सोडतो, पुढे कधी करत नाही. आणि यानंतर, आधी नाही, तो मैत्री सगळ्या दिशांना पसरवतो. ताकदवान माणूस शंख फुंकून चारी दिशांना आवाज पोचवतो, तशी.

तेव्हा क्रम बघा. झालेलं झालं असं नाव घेऊन मान्य करायचं. थांबवायचं. भरून काढता येत असेल ते काढायचं, त्या माणसाकडे जायचं असेल तर जायचं. मैत्री यातलं काहीही माफ करून टाकत नाही. ती तुम्हाला हे सगळं करायला उभं राहू देते. खंतीने खाल्लेला माणूस माफी मागायला जातो तेव्हाही बहुतेक स्वतःचंच दुःख समोरच्यापुढे मांडून येतो. हे माझं मत, सुत्तात नाही.

शंका_आहे

शेवटचं वाक्य लागलं. एकदा तसं करून आलोय. परत जाईन, या वेळी ऐकायला.

वचनसाहित्य_बाळीवेस

आमच्या घरी कानडी. बसवण्णांचं वचन आहे, दयेविना कसला धर्म, सर्व प्राणिमात्रांवर दया हवी, दया हेच धर्माचं मूळ. लहानपणी आजोबांनी पाठ करून घेतलं होतं. हा धागा वाचताना पहिल्यांदा जाणवलं की त्या सर्व प्राण्यांत वचन म्हणणाराही असतो. एवढंच सांगायचं होतं.

एकटा_होटगीरोड

मी आजपर्यंत इथे फक्त वाचत आलो.

बायको गेली. पुण्यानुमोदन झालं, लोक आले, जेवले, चांगलं बोलले, गेले. आता घरी टीव्ही चालू ठेवतो, आवाज असावा म्हणून. तुमचा धागा वाचून काल रात्री बसलो. "मी सुखी असो" म्हणायला गेलो आणि रडूच फुटलं, थांबेना. ती नाही आणि मी सुखी कसा असू? उलट आणखी वाईट वाटलं. माझ्याच्याने हे होणार नाही बहुतेक.

सिव्हिलची_सिस्टर

काका, तुमचं काहीच बिघडलेलं नाही. नेफबाई आणि ख्रिस्तोफर गर्मर यांचा जो शिकवणीचा कार्यक्रम आहे, त्यात हे आधीच सांगून ठेवतात की मायेने बोलायला लागलं की आतलं जुनं दुःख उसळून वर येऊ शकतं. तसं झालं तर तिथे थांबायचं. डोळे उघडायचे, पाय जमिनीवर टेकवायचे, गार पाणी प्यायचं, अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. तेवढी मायासुद्धा पुरे.

एक नर्स म्हणून सांगते, रागावू नका. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. सगळ्यांनाच सांगते, मन फार ढासळलेलं असताना कुणी एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

पाली_वाचक

काका, तुम्हाला किसा गोतमीची मोहरीची गोष्ट, ज्या घरी कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण ही, शंभर जणांनी सांगितली असेल. मी पटाचारेची सांगतो.

पटाचारेचा नवरा साप चावून गेला. नदी ओलांडताना एका मुलाला ससाण्याने नेलं, दुसरा वाहून गेला. माहेरी श्रावस्तीला निघाली तर वाटेत कळलं, रात्रीच्या वादळात घर पडून आई, वडील, भाऊ तिघेही गेले, एकाच चितेवर जळताहेत. तिचं भान गेलं, अंगावरचं वस्त्रही गळून पडलं. लोक वेडी म्हणून दगड, माती मारायला लागले. ती बुद्ध राहायचे त्या जेतवन विहारात शिरली तेव्हा लोक अडवत होते, बुद्धांनी येऊ द्या म्हटलं.

त्यांनी तिला मृत्यू अटळ आहे हे आधी सांगितलं नाही. कुणाच्या घरी कोण मेलं नाही असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सतिं पटिलभ भगिनि." बहिणी, भानावर ये. कुणीतरी आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं. बोलणं त्यानंतर झालं. पुढे हीच पटाचारा भिक्खुणींमध्ये विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, अग्रगण्य ठरली, आणि मुलं गमावलेल्या कितीतरी बायका तिच्याकडे येत राहिल्या.

तुम्ही आत्ता उपरण्याच्या टप्प्यावर आहात काका. "मी सुखी असो" राहू द्या. तुमच्या पत्नीचं नाव घेऊन "तू शांत असो" म्हणा, ते जमेल. कुणाच्याही घरी जा, अंगावर चार माणसांच्या मायेची ऊब येऊ द्या.

आणखी एक. विसुद्धिमग्गात प्रत्येक चांगल्या भावनेचा एक जवळचा शत्रू सांगितलाय, तिच्यासारखा दिसणारा. करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे शोकात बुडणं. लांबचा शत्रू क्रूरपणा, तो चटकन ओळखू येतो. बुडणं ओळखू येत नाही, कारण ते प्रेमासारखंच दिसतं. आपण हसलो तर तिच्याशी बेइमानी होईल असं वाटायला लागलं की समजा, तिथे आलोय.

एकटा_होटगीरोड

हो. असंच वाटतं. परवा नातवाने काहीतरी केलं, हसू आलं आणि लगेच दाबलं मी.

उपासिका_पूर्वभाग

काका, रविवारी सकाळी ९ वाजता विहारात वंदना असते. बुधवार पेठेतून मी आणि सासूबाई आलटून पालटून येतो, या रविवारी माझी पाळी आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, पत्ता त्यात आहे. बोलायला लागणार नाही, नुसतं मागे बसा. नंतर चहा असतो.

सिस्टर, चट्टा दाबल्यावर फिका पडला. आता त्या जागेवर भार येऊच देत नाही. धन्यवाद.

आणि मी रात्री काय करायला लागलेय ते विचारणाऱ्यांसाठी. कूस बदलून झाली की लगेच आडवी होत नाही. कॉटच्या कडेवर बसते, डावा हात त्यांच्या खांद्यावर, उजवा स्वतःच्या छातीवर. आधी माझं: मी थकलेय, मला विश्रांती मिळो. मग त्यांचं: तुमचा त्रास कमी होवो. मग आमच्यासारखीच आत्ता कुठेतरी जागी असलेली जी कुणी बाई असेल, तिचं. तो आवाज बंद झालाय का? नाही. येतो. पण पहिल्यांदा "तुझं लक्ष नाही" आल्यावर "आहे, मी आत्ताच उठले होते" असं उत्तर द्यायला तोंडात शब्द आलेत.

विडी_घरकुल

मी कुंभारीहून. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगू. माझं आईबद्दल आहे.

आई लहानपणापासून विड्या वळते. रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधून तोंड दुमडायचं. कारखान्यात द्यायला गेल्यावर तपासणारा हातात मूठ घेतो आणि नको त्या बाजूला टाकतो, छाट म्हणतात. त्याचे पैसे नाहीत. आई आयुष्यभर घरी येऊन सांगते, "माझाच हात चांगला नाही." मी तिला कितीदा सांगितलं की पानंच खराब दिली होती. तिला पटत नाही. जुनीगिरणी काकांचं आणि ताईंचं बोलणं मी तिला तेलुगूत सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, पानं खरंच कच्ची होती.

सर, तिला ही भावना शिकवायचीय. पण तिला पाली येत नाही, मराठीही तोडकं. तेलुगूत म्हटलं तर चालतं का? आम्ही बौद्ध नाही.

पाली_वाचक

चालतं. विनयपिटकात प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भाऊ भिक्खू झाले होते, त्यांनी बुद्धांना सुचवलं, लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, आपण ते छंदात, वैदिक भाषेत बांधू. बुद्धांनी त्यांना नकार दिला आणि आपापल्या बोलीत शिकण्याची परवानगी दिली. आईच्या बोलीतच म्हणा. कुणाला काही व्हावं लागत नाही त्यासाठी.

वचनसाहित्य_बाळीवेस

आम्ही घरी कानडीत सुरू केलंय. "नानु सुखवागिरलि." आजी पण म्हणते.

विडी_घरकुल

"नेनु सुखंगा उंडालि." आईला काल सांगितलं. ती आधी माझं नाव घेते, मग भावाचं, मग कारखान्यात शेजारी बसणाऱ्या मावशीचं, आणि सगळ्यात शेवटी "नेनु", तेही हळूच. सर, क्रम उलटा झाला तर चालेल का?

पाली_वाचक

चालेल. आईला जिथून सोपं जातं तिथून सुरू करू द्या. फक्त शेवटचं "नेनु" राहून जात नाही ना, एवढं तुम्ही ऐका. आणि पुढच्या वेळी कच्ची पानं मिळाली तर घेतानाच तिथे दाखवून द्यायला सांगा, शेजारच्या मावशींना सोबत घेऊन.